ग्वेन स्टेसीचा जीव पडण्याने गेला नाही

अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या तासाला एखादं कॉमिक न्यायचं झालं, तर मी ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’चा 121 वा अंक नेईन. जून 1973 चा हा अंक जेरी कॉनवेने लिहिला आणि गिल केनने चितारला. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक पीटर पार्करच्या (म्हणजे स्पायडरमॅनच्याच) प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, न्यूयॉर्कच्या एका पुलाच्या मनोऱ्यावरून खाली फेकतो. (मजकुरात पूल जॉर्ज वॉशिंग्टन, चित्रात मात्र तो ब्रुकलिनचा वाटतो.) स्पायडरमॅन धागा सोडतो, तो तिच्या पायांना चिकटतो, ती हवेतच थांबते. वर ओढून घेतल्यावर कळतं, ती गेलेली आहे.

एवढ्या उंचीवरून पडणारा जमिनीला टेकण्याआधीच मरतो, असं गॉब्लिन म्हणतो. ते साफ चूक आहे. विमानातून उडी मारणारे स्कायडायव्हर ताशी 200 किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतात आणि पॅराशूट उघडून सुखरूप उतरतात. खरं कारण चित्रातच आहे. धागा ताणला जातो त्या चौकटीत ग्वेनच्या मानेजवळ, बारीक अक्षरांत, ‘स्नॅप’ असा आवाज लिहिलाय. पुढे 125 व्या अंकात संपादकांनीही मान्य केलं की अचानक थांबल्यामुळे तिची मान मोडली.

आकडे घालून बघू. ती 90 मीटर पडली असं धरलं आणि हवेचा रोध सोडून दिला, तर वेग होतो सेकंदाला 42 मीटर, म्हणजे ताशी 150 किलोमीटर. हा वेग अर्ध्या सेकंदात शून्यावर आणायचा, तर धाग्याला तिच्या वजनाच्या साडेनऊ पट जोर लावावा लागतो. पाय वर, डोकं खाली. डोक्याचं वजन साधारण 5 किलो. त्या क्षणी मानेला 48 किलो लटकल्यासारखं वाटणार. आणि धागा ताठ असेल, 0.1 सेकंदातच थांबवत असेल, तर जवळजवळ 220 किलो. वेग तोच, पडणंही तेच. फक्त थांबायला मिळालेला वेळ पाचपट कमी.

मला याचं फार वाईट वाटतं, कारण खऱ्या कोळ्याचा धागा या कामात पटाईत असतो. तो ज्या धाग्याला लोंबकळतो, तो तुटण्याआधी सुमारे 30 टक्के ताणला जातो. जाळ्यातला चिकट धागा तर त्याच्या कितीतरी पट. शिवाय ताणताना शोषलेली बरीचशी ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून जोरात आदळलेली माशी उसळून बाहेर फेकली जात नाही.

तैलबैल्याच्या उभ्या कातळभिंतीवर चढणाऱ्या पुण्यातल्या मुलामुलींना हे वेगळं सांगायला नको. लीड करताना, म्हणजे सगळ्यांत पुढे राहून दोर वर नेत चढताना, ते डायनॅमिक रोपच, म्हणजे ताणला जाणारा दोरच, वापरतात. चाचणीत 80 किलोचं वजन पहिल्यांदा पडतं तेव्हा या रोपने 12 किलोन्यूटनपेक्षा (सुमारे 1,200 किलो वजनाइतक्या जोरापेक्षा) जास्त झटका देता कामा नये आणि 40 टक्क्यांपेक्षा जास्त ताणताही कामा नये. दोर ज्याला बांधतात तो हार्नेस, म्हणजे अंगावरचा पट्टाही, कंबर आणि मांड्यांना असतो, पावलांना नाही.

रोज दुचाकीवर असलेल्या पुणेकरांसाठी हेच काम हेल्मेटच्या आतलं थर्मोकोल करतं. टणक कवच दिसतं, पण डोक्याला थांबायला वेळ देतो तो चेपत जाणारा आतला थर. तो एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातात आदळलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्यावं लागतं, आणि बक्कल न लावलेलं हेल्मेट डोकं आदळण्याआधीच निघून जातं.