सापळा कारवाई

लाच मागणाऱ्या लोकसेवकाला पंचांसमक्ष लाच घेताना पकडण्याची तपासपद्धत. वर्तमानपत्रांत ‘रंगेहाथ पकडले’ असे छापून येते ते बहुधा याच कारवाईबद्दल. महाराष्ट्रात ती लाचलुचपत प्रतिबंधक विभाग (एसीबी) करतो, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांबाबत मुख्यतः सीबीआय. मूळ कायदा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८. त्यात २०१८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. कलम ७ नुसार लाच घेणे किंवा मिळवण्याचा प्रयत्न करणे या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कारावास आणि दंड आहे.

तक्रार करायला निघालेल्या माणसाला पहिली भीती वाटते ती ‘पैसे दिले म्हणून मीच अडकेन का’ याची. २०१८ पासून लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे, त्यामुळे ही भीती अनाठायी नाही. मात्र कलम ८ मध्ये तिचे उत्तर आहे. तपास यंत्रणेला आधी कळवून, तिच्या मदतीसाठी दिलेली रक्कम गुन्हा ठरत नाही. नाइलाजाने आधीच पैसे द्यावे लागले असतील, तर सात दिवसांच्या आत तक्रार केली पाहिजे. हा काळ उलटला तर संरक्षण जाते. अनेकजण पहिला हप्ता देऊन गप्प बसतात आणि दुसऱ्या हप्त्याच्या वेळी तक्रारीला येतात, तिथे ही मुदत आड येते.

तक्रार जिल्ह्याच्या एसीबी कार्यालयात किंवा १०६४ या टोल फ्री क्रमांकावर करता येते. काम कोणते, ते कोणाकडे अडले आहे, पैसे कोणी, कधी, कोणत्या शब्दांत मागितले, हे तक्रारीत तक्रारदाराच्या स्वतःच्या शब्दांत यावे. फोनवरचे संभाषण ध्वनिमुद्रित केले असेल तर त्यात काटछाट करू नये आणि मूळ फोन जपून ठेवावा. ज्याने पैसे मागितले त्याच्याकडे ते काम खरोखर प्रलंबित आहे का, हे अधिकारी आधी पाहतात. काम आधीच झालेले असेल, तर ‘मी लाच कशासाठी मागेन?’ हा बचाव आरोपीच्या हाती आयता येतो.

यानंतरची पायरी मागणी पडताळणीची. पुढचे सगळे प्रकरण हिच्यावर उभे राहते, तरी बातम्यांत तिच्यावर एखादी ओळच येते. दुसऱ्या शासकीय कार्यालयांतील दोन कर्मचारी पंच म्हणून बोलावले जातात. ध्वनिमुद्रक रिकामा असल्याची खात्री त्यांच्यासमोर केली जाते आणि पंच क्रमांक एकला सोबत घेऊन तक्रारदार लोकसेवकाला भेटतो. एसीबीच्या प्रसिद्धिपत्रकांत नेहमी दिसणारा ‘तडजोडीअंती’ हा शब्द याच भेटीतून येतो: मूळ मागणी, घासाघीस, ठरलेली रक्कम. मुरलेला लाचखोर तोंडाने आकडा उच्चारत नाही. तो बोटे दाखवतो, कॅल्क्युलेटरवर आकडा टाकतो, कागदावर लिहून तो कागद फाडतो. ध्वनिमुद्रकाला यातले काहीच कळत नाही, म्हणून पंचाचे डोळे तिथे असावे लागतात. पंचाला ‘बाहेर थांबा’ म्हणून दाराबाहेर ठेवले, तर पडताळणी पुन्हा करणेच शहाणपणाचे. ध्वनिमुद्रण न्यायालयात टिकण्यासाठी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

सापळ्यापूर्वी नोटांचे क्रमांक पंचनाम्यात उतरवले जातात आणि नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पूड हलक्या हाताने लावली जाते. सोडियम कार्बोनेटचे पाण्यातील द्रावण रंगहीन असते, पण पूड लागलेले बोट त्यात बुडवले की ते गुलाबी होते. पंचांना हे आधी करून दाखवतात. पूड लावणारा कर्मचारी सापळ्याला जात नाही. त्याचा हात दाराला किंवा गाडीला लागला तरी पुढे ‘पूड सगळीकडेच होती’ असा युक्तिवाद होऊ शकतो. तक्रारदाराचा खिसा रिकामा करून त्यात नोटा ठेवतात आणि त्याला तीन गोष्टी बजावतात: मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत, आधी नोटांना हात लावायचा नाही, हस्तांदोलन करायचे नाही.

पैसे दिल्यावर तक्रारदार ठरलेला इशारा करतो. डोक्यावरून हात फिरवणे किंवा एक मिस्ड कॉल पुरतो. दबा धरून बसलेले पथक आत येते आणि लोकसेवकाचे हात मनगटाजवळ धरते, म्हणजे त्याला ते पुसता येत नाहीत. डाव्या-उजव्या हाताची बोटे वेगवेगळ्या ग्लासांतील द्रावणात बुडवतात. पैसे खिशात, ड्रॉवरमध्ये किंवा फाइलमध्ये ठेवले असतील तर त्या जागेचीही चाचणी होते. पंच क्रमांक दोन नोटांचे क्रमांक पडताळून पाहतो. द्रावण बाटल्यांत भरून, पंचांच्या सहीची चिठ्ठी लावून, सीलबंद करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेला जाते. हवेतील कार्बन डायऑक्साइडने गुलाबी रंग काही काळाने फिका पडू शकतो. म्हणून रंग दिसला तेव्हाची नोंद पंचनाम्यात असणे अत्यावश्यक आहे.

साहेब स्वतः नोटांना हात लावत नाहीत तेव्हा पैसे खासगी इसम, बोलीभाषेत पंटर, घेतो. पंटरसाठी कलम ७अ आहे आणि शिक्षा तितकीच. त्याच्यापासून साहेबांपर्यंतचा दुवा मात्र वेगळा सिद्ध करावा लागतो. पैसे मिळाल्यावर पथकासमोर पंटरकडून साहेबांना फोन लावून घेतला आणि पलीकडून रकमेबद्दल होकार आला, तर तो दुवा पक्का होतो. ते जमले नाही तर बरेचदा पंटर एकटाच आत जातो आणि खरा मागणारा सुटतो.

गुलाबी बोटांवरून एवढेच कळते की नोटा हाताळल्या गेल्या. ‘उसने पैसे परत केले’, ‘खिशात बळेच कोंबले’ हे ठरलेले बचाव याच फटीतून शिरतात. मागणी सिद्ध झाली नाही तर केवळ नोटा सापडल्याने शिक्षा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बी. जयराज प्रकरणात (२०१४) स्पष्ट केले. तिथे तक्रारदारच फितूर झाला होता. तक्रारदार फितूर झाला किंवा मरण पावला, तरी इतर साक्षीदार आणि परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, असे पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नीरज दत्ता प्रकरणात डिसेंबर २०२२ मध्ये ठरवले. त्यामुळे पडताळणीचे ध्वनिमुद्रण आणि पहिल्या पंचाची साक्ष यांचे मोल फार वाढले. तक्रारदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर लवकर नोंदवून घेणेही उपयोगी पडते. खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. तो लांबला की काम झालेला, दबावाला कंटाळलेला तक्रारदार मागे हटतो.

दुसरा अडसर कलम १९ खालच्या मंजुरीचा. आरोपीला पदावरून काढण्याचा अधिकार ज्याला आहे त्यानेच खटल्याला मंजुरी द्यायची असते. चुकीच्या अधिकाऱ्याच्या सहीने चांगले प्रकरण वर्षानुवर्षे मागे पडू शकते. मंजुरीसाठी तीन महिने आणि कायदेशीर सल्ल्यासाठी आणखी एक महिना, अशी मुदत आहे.

लोकसेवकाने कामकाजात घेतलेल्या निर्णयांची चौकशी करण्याआधी कलम १७अ खाली पूर्वपरवानगी घ्यावी लागते. लाच घेताना जागीच अटक होत असल्याने सापळ्याला ती लागत नाही. निर्णयांच्या चौकशीपेक्षा सापळा झटपट होतो तो यामुळे. पण त्याचा पल्ला समोरासमोर मागितलेल्या रकमेपुरता असतो. निविदेच्या अटी कोणासाठी तरी बेतणे, जमिनीचा वापर बदलून देणे, पक्षाच्या नावावर देणगी घेणे, असे व्यवहार पुडीने आणि पाण्याने पकडता येत नाहीत. तलाठी सापडतो आणि मंत्रालय निसटते, ही तक्रार त्यामुळे रास्त आहे. कायद्याच्या व्याख्येत मात्र सरपंच, आमदार, खासदार हेही लोकसेवकच आहेत. सभागृहातील मत किंवा भाषणासाठी लाच घेणाऱ्या सदस्याला विशेषाधिकाराचे संरक्षण नाही, असे सात न्यायाधीशांच्या पीठाने सीता सोरेन प्रकरणात ४ मार्च २०२४ रोजी ठरवले.

पकडलेला राज्य शासनाचा कर्मचारी ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला तर तो निलंबित झाल्याचे मानले जाते. सापळ्यातील नोटा पुरावा म्हणून अडकून पडतात, तेव्हा तेवढी रक्कम विभाग तक्रारदाराला परत देतो आणि त्याचे अडलेले कायदेशीर काम पूर्ण व्हावे म्हणून संबंधित कार्यालयाकडे पाठपुरावाही करतो.