गाडी पाणी खाते, पण गळत कुठेच नाही

उसाच्या हंगामात चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या कारखान्यांपुढे ट्रकांची रांग लागली की एक तक्रार हमखास कानावर येते: "गाडी पाणी खातीया, पण खाली थेंब न्हाई." मग पाच लिटरचा कॅन केबिनमध्ये ठेवायचा आणि रोज सकाळी टाकी भरायची. असं बरेच दिवस निभावतंही. पण कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, चक्र बंद असतं, त्यातलं पाणी आपोआप आटत नाही. रोज अर्धा लिटर कमी होत असेल तर तेवढं रोज कुठेतरी जातंय. बाहेर दिसत नसेल तर बहुतेक इंजिनाच्या आतच जातंय.

ते शोधताना 'कुठे गळतं' याआधी 'कधी गळतं' हे विचारावं. ट्रकच्या इंजिनात पाच निरनिराळे दाब एकमेकांना खेटून असतात. कूलंटचा दाब त्याच्या टाकीच्या टोपीवर छापलेला असतो, साधारण ०.५ ते १ बार. टर्बोने दाबलेली हवा दीड-दोन बारची. चालू इंजिनात ऑइलचा दाब ३ ते ५ बार, ब्रेकच्या हवेच्या टाकीत ८ बारच्या आसपास. आणि सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं त्या क्षणी, आजच्या टर्बो इंजिनात, १५० बारच्याही वर. यांच्या मधे असतं एखादं गॅस्केट (जोड घट्ट बंद करणारी पातळ पट्टी), रबराची रिंग नाहीतर पातळ पत्रा. तो आडोसा फुटला की जास्त दाबाचं कमी दाबाकडे घुसतं. इंजिन बंद केलं की ऑइलचा आणि सिलिंडरचा दाब उतरतो, तापलेल्या कूलंटचा मात्र बराच वेळ टिकतो. मग तीच गळती उलट्या दिशेने सुरू होते.

सुरुवात टोपीपासून करा. स्वस्त आहे म्हणून तिच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. टोपीने १ बार दाब धरला तर तेच पाणी ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. टोपीची स्प्रिंग ढिली पडली किंवा रबर चिरलं, तर निपाणीहून तवंदी घाट चढताना कूलंट उकळून ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर जातं. खाली उतरल्यावर पुरावा उरत नाही. टोपी नवी घेताना तिच्यावरचा आकडा जुन्याशी जुळवा. जास्त बारची टोपी लावून गळती थांबत नाही, नवीन जागी सुरू होते. आणि गरम इंजिनाची टोपी कधीही उघडू नका. दाब सुटताच आतलं कूलंट एका क्षणात उकळून अंगावर येतं.

पुढची पायरी प्रेशर टेस्ट. गार इंजिनाच्या टोपीच्या जागी हातपंप लावून टोपीवर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्यायचा आणि १५-२० मिनिटं काटा बघायचा. ही चाचणी एकदा सकाळी गार इंजिनावर आणि एकदा गरम इंजिनावर करावी, हातपंप मात्र गार असतानाच बसवून. पाइपच्या क्लिपा गार असताना गळतात, कारण रबर आकसलेलं असतं. तापल्यावर त्याच जागा बंद होतात. रेडिएटरची बारीक चीर उलट वागते. तिथला थेंब तापलेल्या जाळीवरच वाळतो आणि मागे हिरवट, गुलाबी किंवा पांढरी खपली उरते. ती टॉर्च घेऊन शोधावी लागते. पाण्याच्या पंपाला, गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडीला, खाली मुद्दाम ठेवलेलं एक छिद्र असतं. तिथे ओलसर डाग चालतो. धार लागली तर आतलं सील गेलं. ते छिद्र एम-सीलने बुजवणं म्हणजे पाणी बेअरिंगवर सोडणं.

काटा स्थिर राहिला तरी निष्कर्षाची घाई नको. हेड गॅस्केटची (सिलिंडरच्या वरच्या झाकणाखालच्या गॅस्केटची) सुरुवातीची गळती १ बारच्या चाचणीत दिसतच नाही, कारण ती १५० बारने उघडते. रिकामी गाडी गॅरेजमध्ये आयडलवर (रेस न देता) चालवली तर सगळं ठीक वाटतं, आणि भरलेली गाडी घाटाला लागली की टर्बो पूर्ण दाब देतो, हेड किंचित उचलल्यासारखं होतं आणि जळालेला वायू कूलंटमध्ये शिरतो. वायूने कूलंट बाहेर ढकललं जातं. लक्षणं अशी: टाकीत सतत बुडबुडे, वरचा पाइप इंजिन सुरू केल्यावर दोन-चार मिनिटांतच दगडासारखा कडक, आणि रात्रभर थांबल्यावरही टोपी उघडताना सुस्कारा. यासाठी निळ्या द्रावणाची चाचणी मिळते. टाकीवरची हवा त्यातून ओढली की कार्बन डायऑक्साइडने द्रावण पिवळं पडतं. डिझेल इंजिनात आयडलवर हा वायू फार कमी असतो, म्हणून ही चाचणी लोड देऊन आल्यावर करावी, टोपी मात्र इंजिन गार झाल्यावरच काढून.

पण बुडबुडे दिसले म्हणून लगेच हेड उतरवू नका. इथे हजारो रुपये फुकट जातात. ब्रेकच्या कॉम्प्रेसरचं हेडही याच कूलंटने थंड होतं, आणि त्याचं छोटं गॅस्केट गेलं तर टाकीत तसेच बुडबुडे येतात. दोन्हींतला फरक दहा मिनिटांत कळतो. हवेच्या टाक्या पूर्ण रिकाम्या करा, इंजिन सुरू करा आणि कूलंटच्या टाकीकडे बघत राहा. हवा भरत असताना बुडबुडे येतात आणि कटऑफ झाल्यावर (टाक्या भरून कॉम्प्रेसरने हवा देणं थांबवल्यावर) थांबतात, तर दोष कॉम्प्रेसरचा. कटऑफनंतरही येत राहिले आणि रेस वाढवल्यावर वाढले, तर हेडकडे वळा. हवेच्या टाकीचा ड्रेन उघडल्यावर थोडं साधं पाणी निघणं नेहमीचं आहे, रंगीत आणि बुळबुळीत पाणी नाही. ते चाखून बघण्याची सवय काही मिस्त्रींना असते, ती सोडलीच पाहिजे. एथिलिन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी आहे. काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात राहिलं तर कुत्री-जनावरंही ते पितात.

ऑइल कूलरची (जिथे कूलंट इंजिनाचं ऑइल थंड करतं) गळती दाबाचा हिशेब छान दाखवते. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त, म्हणून टाकीत तेलाचा तवंग येतो. बंद केल्यावर कूलंट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी इंजिन सुरू न करता चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) नट थोडाच ढिला करा. कूलंट तेलापेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. ऑइलच्या झाकणाखाली मात्र थंडीच्या दिवसांत थोडी पांढरी साय येते. गाडी कमी अंतर चालत असेल तर ती फक्त वाफ असते.

कूलंट ऑइलमध्ये जातंय हे नक्की झालं की तेल काढून चेंबर उतरवा, खाली कोरडा पुठ्ठा पसरा आणि हातपंपाने पुन्हा दाब द्या. लायनरच्या (ज्या नळीत पिस्टन फिरतो तिच्या) बाहेरच्या कडेने थेंब आला तर खालच्या रबरी रिंगा गेल्या. लायनरच्या आतून येत असेल तर लायनरलाच छिद्र पडलंय, किंवा वर हेड-गॅस्केटचा दोष आहे.

हे छिद्र कसं पडतं ते समजून घेण्यासारखं आहे. पिस्टनच्या धक्क्याने लायनर सतत थरथरतो. त्याच्या बाहेरच्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि लायनरवरच फुटतात. फुटणारे बुडबुडे लोखंडाचे कण उचलत राहतात. कूलंटमधली रसायनं लायनरवर संरक्षक थर धरून हे थोपवतात. नुसत्या पाण्यात तो थर नसतो. आपल्याकडच्या बोअरच्या कठीण पाण्याचा थर धरतो तो वेगळाच, क्षारांचा. तो उष्णता अडवतो. म्हणून कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड पाणी घ्या, प्रमाण निम्मं-निम्मं किंवा कंपनीच्या पुस्तकात असेल ते, आणि हिरवं-लाल मिसळू नका.

बीएस-६ आणि ईजीआर असलेल्या जुन्या गाड्यांत संशयाची आणखी एक जागा असते, ईजीआर कूलर (इंजिनात परत पाठवायचा धूर थंड करणारा भाग). त्यात कूलंट आणि धगधगता धूर पातळ नळ्यांनी वेगळे ठेवलेले असतात. पातळी कमी असताना तिथेच आधी उकळी फुटते आणि नळी तडकते. कूलंट धुरात जाऊन वाफ होतं, म्हणून खाली थेंब दिसत नाही. सायलेन्सरमधून पांढरी, गोडसर वासाची वाफ इंजिन तापल्यावरही येत राहिली, तर कूलर काढून कूलंटची दोन्ही तोंडं बंद करा, त्याच बाजूने हवा देऊन पाण्यात बुडवून बघा. रात्रभर उभी राहिल्यावर स्टार्टर अडखळत असेल तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी क्रँक हाताने पूर्ण फिरवून बघा. टर्बोलाही पाण्याची नळी असेल तर तिची जोडणी तपासा, आणि घाट चढून आल्यावर दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवूनच इंजिन बंद करा.

दुरुस्तीनंतर कूलंट हळू ओता, हवा सोडण्याचे स्क्रू असतील तर उघडे ठेवा. अडकलेली हवा निघेपर्यंत पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पातळी थोडी उतरते, ती गळती नव्हे. टाकीवर गार असतानाच्या पातळीला टेपची खूण करा आणि किती किलोमीटरला किती मिली लागलं ते वहीत लिहा. तिसऱ्या फेरीनंतरही आकडा शून्यावर आला नाही, तर हातपंप पुन्हा लावा.