अंदमानची बॅग भरताय? तापमान राहू द्या, दवबिंदू बघा

मे महिन्याच्या सुट्टीत अंदमानला निघालेलं आपल्याकडचं कुठलंही कुटुंब घ्या, जायच्या आठवडाभर आधी मोबाईलवर हवामान बघितलं जातं, तिथे दिसतं ३२ डिग्री, आणि लगेच घरात कुणीतरी म्हणतं, अरे आपल्याकडे ४२ चाललंय, तिकडे तर मस्त असणार. मग बॅगेत काय जातं तर दोन-दोन जीन्स, जाडजूड टर्किश टॉवेल, चौघांत मिळून सनस्क्रीनची एक ५० ग्रॅमची ट्यूब आणि चिवड्याचा मोठा डबा. आणि पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर (२०२४ पासून नाव श्री विजयपुरम झालंय पण टूरवाल्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत अजून सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात) विमानतळाच्या बाहेर येऊन टॅक्सी मिळेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो. त्यात मराठी माणूस सेल्युलर जेल बघितल्याशिवाय परत फिरत नाही, वरच्या मजल्यावरच्या सावरकरांच्या कोठडीपर्यंत जिने चढून जाईतो नागपूरचा धडधाकट माणूससुद्धा धापा टाकायला लागतो. ३२ डिग्रीत!

तर गंमत अशी आहे की ३२ हा आकडा खोटा नाही, पण अंदमानच्या बाबतीत तो जवळजवळ निरुपयोगी आहे.

आपलं शरीर स्वतःला गार ठेवतं ते घाम सुकवून. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो सुकला पाहिजे, कारण पाण्याची वाफ होताना जी उष्णता लागते ती कातडीतून घेतली जाते. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते, म्हणजे केवढी मोठी सोय आहे बघा. पण हनुवटीवरून टपटप खाली पडलेला घाम फुकट गेला, त्याने तुम्ही गार झाला नाहीत, फक्त पाणी आणि मीठ गमावलंत. आता घाम किती सुकणार हे हवेत आधीच किती वाफ आहे त्यावर ठरतं. नागपुरात मे महिन्यात माठातलं पाणी दात शिरशिरतील इतकं गार होतं आणि मुंबईत तोच माठ ठेवला तर कोमट पाणी मिळतं, त्याचं कारण हेच, आणि आपलं शरीर म्हणजे चालताबोलता माठच आहे.

हे मोजायला हवामानवाल्यांकडे एक साधी पद्धत आहे, थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं, त्यावरून वारा जाऊ द्यायचा आणि पारा कुठे थांबतो ते बघायचं. त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. ४२ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रता, म्हणजे विदर्भातली सरळसाधी दुपार, यात तो पारा २२ च्या आसपास येऊन थांबतो. ३२ डिग्री आणि ७५ टक्के आर्द्रता, म्हणजे अंदमानातली सरळसाधी दुपार, यात तो २८ वर अडकतो. आपली कातडी ३५ च्या आसपास असते, म्हणजे नागपुरात गार व्हायला १३ डिग्रीची जागा आहे आणि अंदमानात फक्त ७ ची. अर्थात म्हणून नागपूरचं ऊन बरं असं अजिबात म्हणत नाहीये, तिथे घाम इतक्या पटकन सुकतो की किती पाणी गेलं ते कळतच नाही, आणि हवाच कातडीपेक्षा गरम असल्यामुळे ती उलटी तुम्हाला तापवते. फक्त त्रास वेगळ्या जातीचा आहे आणि त्यासाठी बॅगही वेगळी लागते.

अॅपमध्ये थोडं खाली स्क्रोल केलं की ड्यू पॉइंट नावाचा आकडा दिसतो, शाळेत आपण दवबिंदू म्हणून शिकलो तोच. हवा किती गार केली की तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागेल ते हे तापमान. माझ्या मते बेटावर जाताना बघायचा हाच एक आकडा. १५ च्या खाली असेल तर कोरडं सुखद, २० च्या पुढे चिकचिक सुरू, आणि २५ च्या पुढे गेला की काहीही करा, अंग ओलंच राहणार. वरच्या उदाहरणात नागपूरचा दवबिंदू निघतो १० आणि अंदमानचा २७. अंदमानभोवतीचा समुद्रच एप्रिल-मेमध्ये २९-३० डिग्रीला असतो आणि चहूबाजूंनी तोच आहे, मग हवा कोरडी होणार कुठून?

यातून अजून एक गोष्ट निघते जी लोकांच्या लक्षात येत नाही. दवबिंदूच्या खाली रात्रीचं तापमान सहसा जात नाही, कारण तिथे पोचलं की वाफेचं पाणी व्हायला लागतं आणि त्यातून उष्णता सुटते. म्हणून पुण्यात दिवसा ३९ असलं तरी पहाटे २२-२३ ला जरा बरं वाटतं, अंदमानात मात्र पहाटे चारलासुद्धा २५-२६ आणि हवा दमट. रूममध्ये नुसता पंखा चालेल का असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर, आजी-आजोबा किंवा लहान मूल बरोबर असेल तर एसीचे पैसे वाचवू नका, शरीराला रात्रीचे काही तास तरी सुट्टी मिळायला हवी.

आणि एसी घेतलात की कॅमेऱ्याचा घोळ होतो. रूममध्ये रात्रभर २३ डिग्रीत पडलेला कॅमेरा सकाळी घेऊन तुम्ही हॅवलॉक बेटावरच्या काला पत्थर बीचवर सूर्योदय बघायला धावता, काच २३ ची, बाहेरचा दवबिंदू २६, झालं, लेन्सवर धुकं. पुसलं की परत येतं कारण काच अजून गारच आहे, आणि तोपर्यंत सूर्य वर. उपाय फुकटचा आहे, कॅमेरा रूममध्येच झिपलॉक पिशवीत बंद करायचा, पिशवीसकट बाहेर आणायचा आणि बाहेरच्या तापमानाला आला की मग उघडायचा, अर्धा तास धरून चाला. दव पडेल ते पिशवीवर पडेल. झिपलॉक पिशव्या भरपूर घ्याच, कारण तो चिवड्याचा डबाही एकदा उघडला की संध्याकाळपर्यंत सादळतो, छोट्या छोट्या पिशव्यांत भरून नेलात तर शेवटच्या दिवशीही कुरकुरीत.

आता उन्हाकडे येऊ. इथे सगळ्यात मोठी फसगत घड्याळाची होते. भारतभर एकच वेळ आहे, ती ८२.५ रेखांशाची, आणि अंदमान आहे ९३ च्या जवळ तर मुंबई ७३ च्या जवळ. २० रेखांशाचा फरक म्हणजे सूर्याच्या हिशोबाने ८० मिनिटं. मे महिन्यात मुंबईत सूर्य सगळ्यात वर येतो दुपारी साडेबाराच्या जरा पुढे, तिथे सव्वाअकरालाच. सूर्योदय पाचच्या सुमाराला, आणि सूर्यास्त साडेपाच-पावणेसहाला, आपल्याकडे तेव्हा अजून चहाचं आधण असतं. तर 'ऊन व्हायच्या आत, सकाळी आरामात नाश्ता करून साडेनऊला बीचवर जाऊ' हा जो आपला हिशोब आहे तो तिथे पार चुकतो, साडेनऊचं तिथलं ऊन म्हणजे मुंबईचं जवळजवळ अकराचं ऊन. आणि एलिफंट बीचला स्नॉर्केलिंगला नेणाऱ्या बोटी बरोब्बर सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात लोकांना पाण्यात पालथं घालतात. शक्य असेल तर सगळ्यात पहिली बोट मागा. दुपारी मात्र उलटा फायदा आहे, साडेतीनला राधानगर बीचवर बिनधास्त जा, ऊन तोवर कललेलं असतं, सूर्यास्तही तिथूनच दिसतो.

घड्याळ बघायचा कंटाळा असेल तर सावली बघा. स्वतःची सावली स्वतःच्या उंचीपेक्षा छोटी असेल तर अतिनील किरण जोरात आहेत, मोठी असेल तर त्या मानाने बरे. एप्रिलच्या २० तारखेच्या आसपास तर पोर्ट ब्लेअरला शून्य सावली असते, सूर्य बरोबर डोक्यावर. मुंबईतही तो मेच्या मध्यावर तसाच डोक्यावर येतो, त्यामुळे तिथला सूर्य काही वेगळा नाही, पण मुंबईत त्या वेळी आपण लोकलमध्ये नाहीतर ऑफिसात असतो, अर्ध्या चड्डीत वाळूवर पडलेले नसतो! शिवाय अतिनील किरण जाणवत नाहीत, जाणवते ती उष्णता, आणि समुद्रावरचा वारा ती उष्णता पळवून नेतो म्हणून वाटतं की ऊन लागतच नाहीये. पातळ ढगांतून ९० टक्क्यांवर अतिनील किरण आरपार येऊ शकतात, कोरडी वाळू १५ टक्के परत वर फेकते, समुद्राचा फेस २५ टक्के, आणि पाण्यात अर्धा मीटर खालीही पृष्ठभागाच्या ४० टक्के पोचतात. म्हणून स्नॉर्केलिंग करून आलेल्यांची पाठ, मान आणि गुडघ्यामागची जागा भाजलेली असते, पोट मात्र ठणठणीत. आपल्या सावळ्या कातडीला थोडं संरक्षण असतं हे खरं, पण थोडंच.

सनस्क्रीनचा हिशोब एकदा करूनच टाकू. ट्यूबवर जो एसपीएफ (ऊन अडवण्याचा आकडा) लिहिलेला असतो तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावून मोजलेला असतो. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला या हिशोबाने ३० ते ३५ ग्रॅम लागतं. टीशर्ट आणि हाफ पँट घातली तरी तोंड, मान, हात, पाय धरून १५ ग्रॅमच्या आसपास. आणि दर दोन तासांनी, पाण्यातून बाहेर आल्यावर, टॉवेलने पुसल्यावर परत. म्हणजे ती ५० ग्रॅमची फॅमिली ट्यूब पहिल्या दिवशी सकाळीच संपायला हवी, आणि ती पाच दिवस पुरून घरी परत येत असेल तर तुम्ही लावलं ते निव्वळ सुगंधी समाधान. एसपीएफ ३० नीट लावलं तर ९७ टक्के यूव्हीबी (कातडी भाजणारे अतिनील किरण) अडतात आणि ५० ने ९८, त्यामुळे १०० वालं महागडं शोधत बसण्यापेक्षा ३० किंवा ५० चं मोठं पॅक घ्या, वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं, आणि पीए च्या पुढे तीन-चार अधिक चिन्हं असलेलं, कारण ते यूव्हीए या दुसऱ्या जातीच्या अतिनील किरणांसाठी असतं.

पण खरं सांगू का, त्याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय कपडा आहे. फक्त पांढरा सुती टीशर्ट नको, तो कोरडा असतानाच जेमतेम ५-७ पट संरक्षण देतो आणि ओला झाला की त्याहून कमी, कारण धाग्यांमधल्या फटींत पाणी शिरून तो पारदर्शक होतो. लांब बाह्यांचा, घट्ट विणीचा, गडद रंगाचा पोहायचा टीशर्ट घ्या, रॅश गार्ड म्हणून मिळतो, मुलांसाठी तर घ्याच. त्याने सनस्क्रीनही निम्मं लागतं आणि तेवढं कमी समुद्रात जातं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन विकायला हवाईने १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली आहे. प्रयोगशाळेत या रसायनांनी प्रवाळांच्या पिल्लांना इजा होते हे दिसलंय, खुल्या समुद्रात किती होते यावर वाद आहे, आणि अंदमानच्या प्रवाळांचा मोठा वैरी तापलेलं पाणी हाच आहे, २०१० च्या उन्हाळ्यात तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले ते त्यामुळेच. तरी झिंक ऑक्साइडवालं मिळत असेल तर ते घ्या, तोंड जरा भुतासारखं दिसेल एवढंच.

बाकीच्या कपड्यांचं म्हणाल तर एकच कसोटी, रात्री धुऊन सकाळपर्यंत वाळतं का? ७५-८० टक्के आर्द्रतेत जीन्स दोन दिवस वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी वास मारते. घरी ठेवा. टर्किश टॉवेलच्या जागी आपला साधा पंचा, तासाभरात वाळतो आणि डोक्याला गुंडाळताही येतो. सैल पातळ सुती शर्ट फिरायला छान पण जास्त चालायचं असेल तर ड्रायफिट बरं, सुती कपडा घाम पिऊन बसतो आणि मांड्या, काखा सोलवटतात. ओल्या कपड्यांत तासनतास बसलं की घामोळं आणि नायटा ठरलेला, अंतर्वस्त्रांचे जोड दुप्पट घ्या.

पाण्याचं सगळे सांगतात, मिठाचं कुणी सांगत नाही. घामात सोडियम जातं, आणि नुसतं पाणी पीत राहिलं तर उरलेलं अजून पातळ होतं. शहाळं प्याच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं, म्हणून जोडीला मीठ-साखरेचं लिंबू सरबत किंवा ओआरएसची पाकिटं हवीत. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर चवीसाठी नाही, आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. बीपी, किडनी, डायबेटीसवाल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारा. तसंच बोट लागते म्हणून आपण अवोमिन घेतो, त्यातलं औषध झोप तर आणतंच, पण या प्रकारच्या औषधांनी घामही कमी येऊ शकतो, लघवी होण्याच्या गोळ्यांनी पाणी कमी होतं, म्हणून अशी गोळी घेतलेल्या माणसाला भर उन्हात फार फिरवू नका. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला तर सावलीत आडवं करून अंगावर गार पाणी ओता, जोरात वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा, सरबत पाजत बसू नका.

राहता राहिला पाऊस. मोसमी पाऊस दक्षिण अंदमान समुद्रावर साधारण २०-२२ मेच्या सुमाराला पोचतो, म्हणजे मुंबईच्या तीन आठवडे आधी, आणि त्याच दिवसांत बंगालच्या उपसागरात चक्रीवादळंही होतात. समुद्र खवळला की हॅवलॉक आणि नील बेटांच्या बोटी सरळ रद्द, त्याला कुणाचा इलाज नाही. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात जात असाल तर परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच मुक्काम ठेवा, हॅवलॉकला नाही. छत्री घ्या, उन्हालाही चालते, आणि मोबाईल-पाकिटासाठी ती झिपलॉकची शेवटची पिशवी राखून ठेवा.