रक्त परत येतं तेव्हा

वर्धा रोडवरची वाहतूक थांबते आणि सायरन वाजवत एक रुग्णवाहिका सोनेगाव विमानतळाकडे निघून जाते. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांवर, तर आतल्या पेटीत बर्फातलं यकृत साधारण ४ अंशांवर. ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे प्रत्यारोपणाचा अवयव नेण्यासाठी मोकळा केलेला रस्ता, आता नागपूरकरांच्या ओळखीचा झाला आहे. उशीर झाला तर अवयव वाया जाईल, हे सगळ्यांना कळतं. मला मात्र प्रवास संपल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांची जास्त काळजी वाटते.

थंडीत पेशींची भूक मंदावते, मरत नाही. ऑक्सिजन नसल्यामुळे मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशींच्या ऊर्जाकेंद्रांत, सक्सिनेट हे अर्धवट वापरलेलं इंधन साचत जातं. सर्जन रक्तवाहिन्या जोडून चिमटे काढतात, रक्त आत शिरतं आणि हे साचलेलं सक्सिनेट एकदम जळू लागतं. त्यातून ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू उसळतात आणि यकृतातल्या कुफर पेशी (तिथल्या संरक्षक पेशी) दाहाचे संदेश सोडू लागतात. ज्या रक्तासाठी एवढी धावपळ केली, तेच इजा करतं.

मग हा दाह औषधाने पुरता दाबून का टाकत नाहीत? कारण यकृताला वाढायला जागं करणारेही तेच संदेश आहेत. उंदराचं दोनतृतीयांश यकृत कापलं तरी ते आठ-दहा दिवसांत जवळपास मूळ वजनावर येतं, हे १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी दाखवलं. कापलेला भाग पुन्हा फुटत नाही, उरलेला फुगतो. पण दाहाच्या या संदेशांपैकी इंटरल्युकिन-६ हा संदेशच नसलेल्या उंदरांत ही वाढ अडखळते, असं १९९६ मध्ये दिसलं. आई मुलाला यकृताचा भाग देते (काळजाचा तुकडा, अगदी शब्दशः!), तेव्हा दोघांच्याही शरीरात हीच वाढ सुरू होते. मुलाच्या वाट्याला आलेल्या तुकड्याला मात्र इजा सोसत वाढावं लागतं. म्हणून तो रुग्णाच्या वजनाच्या निदान ०.८ टक्के असावा, असं सर्जन पाहतात. ६० किलोच्या माणसासाठी सुमारे ४८० ग्रॅम.

सगळ्यात नाजूक असतात पित्तनलिका. त्यांना रक्त फक्त यकृत-धमनीतून मिळतं, त्यामुळे यकृत सावरलं तरी त्या पुढे अरुंद होऊ शकतात. इथेच मला खरी आशा दिसते. यकृत जोडण्याआधी त्यातून यंत्राने थंड, ऑक्सिजनयुक्त द्रव फिरवला, तर साचलेलं सक्सिनेट सावकाश खर्ची पडतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत अशा अरुंद नलिकांचा त्रास १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आला. ती यकृतं हृदय थांबलेल्या दात्यांची होती. आपल्याकडे मरणोत्तर यकृतं बहुतेक मेंदूमृत, पण हृदय धडधडत असलेल्या दात्यांची असतात. त्यामुळे तो आकडा इथे तसाच लावता येणार नाही. तरी रस्ता मोकळा करण्याइतकीच या यंत्राचीही निकड आपल्या विदर्भात आहे, असं मला वाटतं.