साहेबांच्या जेवणाच्या खर्चाचा हिशोब ग्रामपंचायतीकडून कसा मागवायचा

फिरतीवरच्या अधिकाऱ्याला सरकार दैनिक भत्ता देतं. तरीही "साहेब येणारेत, जेवणाचं बघा" हा फोन गावात येतोच. सभेच्या चहा-पोह्यांवर कुणी भांडू नये. पण भत्ता घेणाऱ्याचं ताट घरपट्टी-पाणीपट्टीतून भरायचं का, हे ग्रामसभेत विचारायचं तर आधी कागद हातात हवा. तो माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मिळतो. अर्ज भारताचा कोणताही नागरिक करू शकतो, त्याच गावचा असायची गरज नाही. "कशाला पाहिजे?" असं विचारलं तर कलम ६(२) दाखवा, कारण द्यावं लागत नाही.

अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये (अर्जाचा ठरलेला नमुना), वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. रेव्हेन्यू तिकीट लावलं की अर्ज परत. हाती दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. नुसती सही पुढे कामाला येत नाही.

दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क माफ आहे, पण पुरावा जोडावा लागतो. पिवळ्या रेशनकार्डाची झेरॉक्स अनेकदा नाकारली जाते आणि यादीतल्या क्रमांकाचा दाखला मागतात. आता तो दाखला मिळतो ग्रामपंचायतीत, म्हणजे ज्यांच्याकडे माहिती मागायची त्यांच्याच टेबलावर! कागद थोडे असतील तर सरळ दहा रुपये भरून मोकळे व्हा.

बहुतेक अर्ज अडतात ते प्रश्नावर. "अधिकाऱ्यांना जेवण का दिलं?" याला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही, कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयात असलेला कागद. "पाच वर्षांचा सगळा हिशोब द्या" हेही टिकत नाही. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, एवढीच मुभा आहे. शिवाय 'जेवण' नावाचं खातं दप्तरात सापडणार नाही. जानेवारीतली हुरडा पार्टी कागदावर 'प्रशिक्षण' असू शकते. मटण-भाकरी 'सभा खर्च', 'अल्पोपहार' किंवा 'आकस्मिक खर्च' होऊन बसते. म्हणून असं लिहा:

"१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात सभा, प्रशिक्षण, अल्पोपहार, चहापाणी, अतिथी सत्कार व आकस्मिक खर्च या सदरांखालील प्रमाणके (नमुना १२), जोडलेली बिले, किरकोळ रोकड वही (नमुना १८) व खर्चास मंजुरी देणारे ठराव यांच्या साक्षांकित प्रती."

प्रमाणक म्हणजे खर्चाचं व्हाउचर. प्रती आल्या की बिलाकडे नीट बघा. बिल क्रमांक नाही, तारीख खाडाखोड केलेली, 'ताटे ४०' लिहिलंय पण जेवलं कोण ते नाही, अशी बिलं बाजूला काढा. पैसे कोणत्या निधीतून गेले तेही पाहा. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी पगार आणि आस्थापना खर्चाला वापरता येत नाही, त्यामुळे त्या खात्यातून जेवणावळ निघाली असेल तर मुद्दा पक्का. या निधीचे व्यवहार ई-ग्रामस्वराज पोर्टलवर अर्ज न करताही दिसतात, ते आधी चाळा.

एकाच जेवणाचे पैसे दोनदा निघाले का, हे पाहायला अधिकाऱ्याचं फिरती देयक, म्हणजे दौऱ्याच्या भत्त्याचं बिल, लागतं. ते त्यांच्या कार्यालयात असतं, म्हणून पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेला वेगळा अर्ज करा. त्यात फक्त फिरतीची तारीख, ठिकाण आणि उचललेला भत्ता मागा. बँक खात्याचा तपशील मागितलात की 'वैयक्तिक माहिती' म्हणून अख्खा अर्ज फेटाळायला आयतं निमित्त मिळतं.

मुदतीत तर भले भले चुकतात. माहिती द्यायचे ३० दिवस अर्ज पोचल्यापासून मोजायचे, पोस्टात टाकल्यापासून नाही. मध्येच "८६ पानांचे १७२ रुपये भरा" असं पत्र येतं. त्याला नकार समजून गप्प बसू नका. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणजे उशीर तुमच्याच अंगावर. हे पत्र ३० दिवस उलटल्यावर आलं तर मात्र कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते.

काहीच उत्तर नाही म्हणून वाट पाहत बसणं सर्वात महाग पडतं. १ जूनला पोचलेल्या अर्जाची मुदत १ जुलैला संपते आणि पहिलं अपील ३१ जुलैच्या आत जायला हवं. त्याला जोडपत्र 'ब' (अपिलाचा नमुना), २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दुसरं अपील ९० दिवसांत, मराठवाड्यासाठी राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. तिथे वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या सुनावणीलाच सगळे कागद घेऊन जा.

'खर्च निरंक', म्हणजे काहीच खर्च नाही, असं उत्तर आलं तरी अर्ज वाया गेला असं नाही. त्या दिवशीच्या पंगतीचे पैसे ग्रामपंचायतीने दिले नाहीत, हे आता सही-शिक्क्यानिशी तुमच्याकडे आहे. मग दिले कुणी, सरपंचाने की ठेकेदाराने, हा प्रश्न ग्रामसभेत विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.