सहसंबंध आणि कार्यकारणभाव (आरोग्य संशोधन)

दोन गोष्टी जोडीने वाढतात-घटतात तो सहसंबंध, आणि एकीमुळे दुसरी घडते तो कार्यकारणभाव. व्याख्या एवढीच. पण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "संशोधनात सिद्ध झालंय" म्हणून जे फॉरवर्ड होत असतं त्यातलं बरंचसं पहिल्या खात्यातलं असून दुसऱ्यात खपवलेलं असतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली असं आपण म्हणतो (संस्कृतातला काकतालीय न्याय), पण ती म्हण योगायोगापुरतीच पुरते. आरोग्याच्या अभ्यासात खरी पंचाईत ही की कावळे मुळात वाळक्या फांद्याच बघून बसत असतील तर? मग फांदी दरवेळी मोडणार, आकडे एकदम पक्के येणार, आणि तरी कावळा बिचारा निर्दोष.

सकाळी सहाला पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायऱ्या चढणारे सत्तरीतले आजोबा बघा. त्यांची तब्येत न चढणाऱ्यांपेक्षा ठणठणीत निघणारच, कारण ज्यांचे गुडघे गेलेत किंवा चार पायऱ्यांतच धाप लागते ते खाली कट्ट्यावर बसलेत नाहीतर घरीच पेपर वाचतायत, म्हणजे चढून तब्येत चांगली राहिली की तब्येत चांगली म्हणून चढता येतंय हे नुसती डोकी मोजून कळत नाही. याला उलटा कार्यकारणभाव म्हणतात. वर पेन्शन, वेळच्या वेळी औषधं, सिगरेट नाही असल्या गोष्टीही चढणाऱ्यांकडेच जास्त असू शकतात, हा झाला तिसरा घटक, म्हणजे कन्फाउंडर. (व्यायाम चांगलाच आहे, त्यावर वाद नाही, उगाच चिडू नका.)

यात भले भले फसलेत. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो असं अमेरिकेतल्या मोठमोठ्या निरीक्षणांत वर्षानुवर्षं दिसत होतं आणि डॉक्टर त्यावर भरवसा ठेवून होते. मग विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या तिथल्याच मोठ्या अभ्यासात १६,६०८ बायकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं, एकीकडे इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या हार्मोन्सची खरी गोळी, दुसरीकडे तशीच दिसणारी खोटी, आणि २००२ मध्ये तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला कारण खऱ्या गोळीच्या गटात स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात आणि हृदयविकारसुद्धा जास्त निघाले. आधीच्या निरीक्षणांत गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच जास्त शिकलेल्या, सुस्थितीतल्या होत्या, हे त्यामागचं एक मोठं कारण मानतात. चिठ्ठीची करामत हीच, शिक्षण-पैसा-सवयी सगळं दोन्हीकडे साधारण सारखं वाटलं जातं, अगदी जे मोजायचं आपल्याला सुचलंच नाही तेही.

पण कोणाला चिठ्ठी काढून वीस वर्षं सिगरेट ओढायला लावता येत नाही. तिथे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये मांडलेले नऊ मुद्दे कामी येतात, संबंध किती जोरदार, कारण आधी आणि आजार नंतर आहे ना, मात्रा वाढली की धोका वाढतो का, वगैरे. त्यातला काळाचा क्रम तेवढा अटळ, बाकीचे फक्त बाजू भक्कम करतात.

पुण्यातलं उदाहरण रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि पुढे त्यांची मुलं यांचा माग ठेवला. गरोदरपणी आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त (दोन्ही बी गटातली जीवनसत्त्वं) असेल तर सहाव्या वर्षी मुलाच्या शरीरात इन्सुलिनला दाद न देण्याचं (मधुमेहाकडे नेणारं लक्षण) प्रमाण जास्त दिसतं, हे २००८ मध्ये छापून आलं. आता शाकाहारी ताटात बी-१२ तसंही कमीच, त्यामुळे दोष बी-१२चा की आहारातल्या आणि परिस्थितीतल्या आणखी कशाचा, हा प्रश्न उरलाच. म्हणून २०१२ मध्ये त्याच मुलांना, आता ती सतरा-अठराची झालेली, गटांत वाटून काहींना बी-१२ आणि काहींना खोटी गोळी सुरू केली, आणि मग त्याचा फरक पुढच्या पिढीत दिसतो का हे बघायला त्यांची लग्नं होऊन पहिलं मूल होईपर्यंत वाट बघायची होती.