पट्टी शंभर भरते का? – प्लॅन स्वतः छापणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी

आम्ही जहाजांच्या आणि तोफांच्या लाकडी मॉडेलचे प्लॅन, म्हणजे छापून कापायचे आराखडे, विकतो. चवथ जवळ आली की आमच्या दुकानात एक वाक्य दिवसातून दोनदा तरी ऐकू येतं. "तुमचा प्लॅन चुकलाय. खाचा बसत नाहीत." गेल्या वर्षी साखळीहून एक काका गुराबाचा, म्हणजे जुन्या लढाऊ जहाजाच्या मॉडेलचा, अख्खा सांगाडा पिशवीत घालून आले होते. २२ फासळ्या, आणि प्रत्येकीची खाच कानशीने घासून रुंद केलेली. आठ रात्री गेल्या म्हणाले. प्लॅनचा उरलेला कागद त्यांनी सोबत आणला होता, हे बरं झालं. माप तपासायला कोपऱ्यात छापलेल्या पट्टीवर स्टीलची फूटपट्टी ठेवली. ९७ मिलिमीटर. तिथे शंभर हवे होते. काका थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे झेरॉक्सवाल्याने केलं हे?"

झेरॉक्सवाल्याची तशी चूक नाही. पीडीएफ उघडून प्रिंटचं बटण दाबलं की बहुतेक ठिकाणी "फिट टू पेज" आधीपासूनच निवडलेलं असतं. बिलं, अर्ज, हॉल तिकीट यांना त्याने काही फरक पडत नाही. प्रिंटरला कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही, म्हणून तो सगळं चित्र थोडं आत ओढून घेतो. हे थोडं म्हणजे कधी तीन टक्के, कधी सहा. डोळ्यांना दिसत नाही. नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, बाक तसाच, फासळ्यांची गोलाई तशीच.

आता गंमत अशी की सगळंच तीन टक्क्यांनी लहान झालं असतं तर काहीच बिघडलं नसतं. ६० सेंटिमीटरची गुराब ५८.२ सेंटिमीटरची झाली असती आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. बिघडतं ते कागदावरचं लहान होतं आणि बाजारातलं होत नाही म्हणून. ३ मिमीच्या प्लायसाठी काढलेली खाच २.९ ची होते, प्लाय मात्र ३ चाच राहतो. डोलकाठीसाठी ६ मिमीचं भोक ५.८ चं होतं, गोल काठी ६ चीच. तोफगाड्याची चाकं आम्ही कातून देतो, ती आहे त्याच मापाची. म्हणजे कागद आणि सामान जिथे जिथे भेटतात, तिथे तिथे भांडण. माणूस कानस घेतो, एक खाच घासतो, ती बसते. त्याला वाटतं जमलं, आणि तो पुढच्या एकवीस घासायला बसतो.

म्हणून आमच्या प्लॅनच्या प्रत्येक पानावर दोन पट्ट्या छापलेल्या असतात, एक आडवी, एक उभी. दोन्ही शंभर मिलिमीटरच्या. दोन कशाला, असं विचारतात. कागद प्रिंटरमधून ओढला जातो त्या दिशेने काही मशिनं चित्र किंचित ताणतात किंवा आखडतात. आडवी बरोबर आणि उभी ९९ असं आम्ही बरेचदा पाहिलंय. मोजताना शाळेची प्लास्टिकची पट्टी घेऊ नका, तिचा शून्याचा कोपरा झिजलेला असतो. स्टीलची घ्या, आणि शून्यापासून नको, १० सेंटिमीटरपासून २० पर्यंत मोजा. सुतार असंच मोजतात. आणि पहिलंच पान मोजून थांबू नका. अर्धी पानं ऑफिसात आणि अर्धी बाजारात छापून आणलेला प्लॅन तर सगळ्यात वाईट. नाळेकडच्या फासळ्या शंभराच्या आणि मागच्या सत्त्याण्णवच्या असल्या की जहाजाच्या पोटात पायरी पडते, ती पुट्टीने भरत नाही.

"एका मिलिमीटरने काय होतं?" हाही नेहमीचा प्रश्न. शंभरात एक म्हणजे ६० सेंटिमीटरात सहा. आणि छापलेल्या कागदाची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स काढली तर दर वेळी टक्का टक्का गळत जातो. तीनदा ९९ म्हणजे पुन्हा ९७ च.

झेरॉक्सच्या दुकानात काय सांगायचं ते लिहून ठेवा: "ॲक्चुअल साइझ, शंभर टक्के, फिट नको." तो म्हणेल, कडा कापल्या जातील. जाऊ देत. आम्ही चारही बाजूंना १२ मिमी जागा मुद्दाम रिकामी सोडली आहे, कापलं गेलं तरी कोरंच जाईल. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की माप त्यातून निघून जातं, उरतं नुसतं चित्र. मोबाइलमधूनच थेट छापणार असाल तर काही ॲपमध्ये शंभर टक्क्यांचा पर्यायच नसतो. अशा वेळी पहिलं एक पान काढून मोजा, मगच बाकीची.

एवढा खटाटोप नको असेल तर आमच्याकडून छापील प्लॅन घ्या. ए३ कागदावर, जरा जाड, आणि प्रत्येक पान आम्ही पट्टी लावून तपासूनच गुंडाळतो. फायलीपेक्षा महाग पडतो हे खरं. पण आठ रात्रींच्या मानाने स्वस्त.

माप बरोबर असूनही खाच बसत नाही, असंही होतं. तेव्हा प्लाय मोजा. हार्डवेअरच्या दुकानात ज्याला ३ मिमी म्हणतात तो कधी २.७ निघतो, कधी ३.३. यासाठी आम्ही प्रत्येक प्लॅनबरोबर व्हिजिटिंग कार्डाएवढा एक तुकडा देतो, त्याला २.७ पासून ३.४ पर्यंत ओळीने खाचा आहेत. तुमचा प्लाय त्यात घालून बघा. जी खाच बोटाच्या दाबाने बसेल, हातोडी लागणार नाही आणि उलटं धरलं तर गळणारही नाही, ती तुमची. प्लाय आमचाच घ्या असा आग्रह नाही. पण आमचा घेतला तर तो तुकडा लागत नाही, कारण शीट मोजूनच आणलेली असते. हा तुकडा फुकट आहे. लोक तो फेकून देतात आणि मग फोन करतात.

मोठं करून छापण्याबद्दल. "माझं शोकेस मोठं आहे, ए४ चं ए३ करून घेतो," असं म्हणणारे बरेच. ए४ चं ए३ म्हणजे १४१ टक्के. ३ ची खाच ४.२३ ची झाली. त्यात ४ चा प्लाय डुगडुगतो आणि ५ चा शिरत नाही. बरोबर दुप्पट केलं तर खाच ६ ची होते आणि ६ चा प्लाय मिळतो, तेवढं एक सरळ जमतं. पण सामानाचा हिशेब दुप्पट धरू नका. प्लायचं क्षेत्र चौपट लागतं, आणि भरीव लाकडाचे भाग आठपट. मधल्या कुठल्या मापात हवं असेल तर आम्ही खाचा नव्याने काढून देतो. त्याचे पैसे घेतो, कारण संगणकात बटण दाबून ते होत नाही. चित्र वाढवायचं पण खाच वाढवायची नाही, म्हणून प्रत्येक खाच वेगळी धरावी लागते.

तोफेचा प्लॅन आम्ही १:१२ ठेवला तो यासाठीच. त्यात एक फूट म्हणजे एक इंच. १२ पौंडी गोळ्याची नऊ फुटी तोफ नऊ इंचांची होते आणि तिचं साधारण ११७ मिमीचं तोंड जेमतेम १० मिमीचं. हिशेब डोक्यात होतो. बनवायला घेण्याआधी एकदा गोव्यातल्या रेईश मागूशच्या किल्ल्यावर जाऊन खऱ्या तोफा बघून या. मागचा गोंडा, आणि दोन्ही बाजूंना निघालेले खुंट ज्यांवर तोफ गाड्यावर टेकते, हे चित्रात कळत नाहीत. खुंट तोफेच्या बरोबर तोलाच्या जागी नसतात, त्या जागेच्या जरा पुढे असतात. त्यामुळे तोफेचं बूड जड राहतं आणि ती पुढे कलंडत नाही. गुराबाच्या प्लॅनमध्येही दोन तोफा डेकच्या पुढच्या भिंतीतून समोर रोखलेल्या आहेत. तो आमचा खेळ नाही. पाठलागात समोरच्या जहाजावर मारा करायला मराठ्यांच्या गुराबांवर त्या तशाच असायच्या, लांब निमुळत्या नाळेवरून डागायला.

आता एक नाजूक विषय. नरकासुराच्या दिवसांत पोरं येतात, "तोफ आरपार पोखरून द्या ना, आत सुतळी बॉम्ब लावतो." देत नाही. मागू नका. आमची नळी काताऱ्याकडून अखंड लाकडातून कातून येते, तोंडाला फक्त १५ मिमी खोल भोक, आतून काळा रंग. बाहेरून बघणाऱ्याला ती पोकळच वाटते. लाकडी नळी आत काही फुटलं की चिरते, आणि चिरते तेव्हा ती कोणाच्या तरी हातात असते. जत्रेतल्या नाटकांसाठी जी ठासणीची बंदूक आम्ही करतो तिचंही तेच: घोडा मागे ओढता येतो, चाप दाबला की पडतो, टक्क आवाज येतो, बाकी नळी म्हणजे भरीव काठी. बार काढायचाच असेल तर विंगेत काढा, आजवर काढत आलात तसाच. लोखंडी पाइप बसवून द्याल का, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की नकली हत्याराचं परवान्याशिवाय खऱ्यात रूपांतर करणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. कलम ६. हौसेचा खेळ तिथवर नेऊ नये.

बंदुकीच्या नळीचं टोक आम्ही रंगवत नाही, लाकूड दिसू देतो. काही दिग्दर्शकांना ते आवडत नाही. राहू द्या तरी. तालमीला जाताना ती पिशवीत न्या, स्कूटरवर मागच्याच्या खांद्याला लावून नको. आमच्या एका गिऱ्हाइकाला रात्री नाक्यावर थांबवलं होतं, आणि बाजीप्रभूचा पोशाखही अंगावर होता. सुटला, पण दुसऱ्या अंकाला पोचला. विमानाने पाहुण्यांकडे पाठवणार असाल तर दाबोळी असो वा मोपा, केबिनच्या बॅगेत नकली शस्त्रही चालत नाही. चेक-इनच्या सामानात घाला, वर प्लॅनचं एक पान ठेवा म्हणजे उघडून बघणाऱ्याला काय आहे ते कळेल.

पावसाबद्दल थोडं. आमच्याकडे जुलैत लाकूडसुद्धा घाम पितं. लांबीत ते फारसं वाढत नाही, रुंदीत वाढतं. फुगलेल्या पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटवून जहाजाची कातडी पावसात पुरी केली तर डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात तिला फटी पडतात. उपाय साधा आहे: पट्ट्या घरी आणून आठवडाभर आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, आडव्या ठेवा आणि ऐन ओल्या दिवसांत कातडीचं काम काढू नका, फासळ्यांचं करा, प्लाय तेवढा हलत नाही. पांढरा गोंद या दिवसांत वाळायला रात्र घेतो. झटपट चिकटणारा पातळ गोंद उलट हवेतल्या ओलाव्यानेच आळतो, म्हणून तो पावसात लवकर धरतो, पण बाजूला पांढुरका थर सोडतो. तो रंगाखाली झाकला जातो, पॉलिशखाली नाही.

आणि प्लॅनचा कागद लाकडावर पांढऱ्या गोंदाने चिकटवू नका. त्यातल्या पाण्याने कागद फुगतो, तोही एका दिशेने जास्त. शंभर टक्के बरोबर छापलेलं पान तुमच्या डोळ्यांदेखत अर्ध्या टक्क्याने वाढतं. शाळेतली ग्लू स्टिक वापरा, पातळ हाताने. कापून झालं की केस वाळवायच्या मशिनने गरम करा, कागद अखंड सुटून येतो.

लेझरने कापून हवं असेल तर आधी पहिल्या पानावरच्या पट्टीचा फोटो मागतो, फूटपट्टीसकट. लोकांना राग येतो, "विश्वास नाही का?" विश्वास आहे. पण कापलेला प्लाय परत घेता येत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या कामाचा नसतो, आणि तुमच्याही नसतो जर तुम्ही बाकीचे भाग घरी ९७ वर छापून कापले असतील. फोटोत पट्टी सरळ वरून दिसायला हवी, तिरकी नको.

अडलेल्यांसाठी शनिवारी संध्याकाळी चार ते सात आम्ही एक टेबल मोकळं ठेवतो. अर्धवट मॉडेल घेऊन या, पैसे नाहीत. कॅलिपर, कानशी, क्लॅम्प आमचे. फक्त छापलेली पानं सोबत आणा, कापून झालेली असली तरी, कोपऱ्यातल्या पट्ट्या असलेली.